सोन्याचा पापुद्रा

आवाज आला नाही.

गेलं वर्षभर रोज पहाटे सून सायकल घेऊन फाटकाबाहेर पडे, थोडी ढकलत नेई, मग टांग टाके, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, चढ जिथं सुरू होतो नेमकी तिथं, हँडलवरचं बटण दाबे. मागच्या चाकापाशी बसवलेली अंगठ्याएवढी मोटर 'चिर्र' करी, साखळी एका चकतीवरून शेजारच्या चकतीवर उडी घेई, चढ हलका होई. एवढंच. रस्त्यावरच्या कुत्र्यानंही कान टवकारू नयेत इतका लहान आवाज. पण खिडकीशी स्टुलावर मिटल्या डोळ्यांनी बसलेली सासू त्याच आवाजाची वाट पाहत असे, आणि तो आला की मगच तिची प्रार्थना सुरू होई. प्रार्थना मात्र जुनी, आणि काही मोठी नव्हे. 'हाताला जे काम दिलं आहेस ते आज नीट होऊ दे,' इतकीच. ती म्हणून होईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही हा तिचा नेम होता, आणि तो तिनं अंगात ताप असताना, मुलाच्या लग्नाच्या दिवशी, नवरा गेला त्या सकाळीसुद्धा पाळला होता. आज फाटक वाजलं. चाकांची सळसळ खिडकीखाली आली. बटणाची टिचकी ऐकू आली, एकदा, पुन्हा एकदा, मग चिडून दाबल्यासारखी लागोपाठ. आणि त्या टिचकीनंतर काहीच नाही. आपण काही विचारावं आणि समोरच्यानं नुसतं बघत राहावं, तसं. तिनं डोळे उघडले. सून सीटवरून उठून उभी राहिली होती आणि जड कपाट सरकवावं तशी सायकल चढावर रेटत होती. "अगं!" तिच्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सून वळणापलीकडे गेली होती, तिला ते ऐकूही गेलं नसेल. नेम मात्र मोडला तो मोडलाच.

ती तशीच बसून राहिली. प्रार्थना सुरू करावी तर शब्द जिभेवर येईनात. नेम मोडला याचं वाईट वाटत होतंच, पण ते वाईट कुठंतरी खाली, तळाशी होतं. त्याच्या वर दुसरंच काही तरंगत होतं, आणि ते काय आहे हे तिला नीट ठाऊक होतं. तिच्या हातचं काम बंद पडलं होतं. गिअरची बॅटरी काल संध्याकाळी तिनंच काढली होती, चार्ज केली होती, तिची टोकं पुसली-घासली होती, आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली होती. काडेपेटीहून लहान ती बॅटरी. तिच्या पोटाशी तांदळाच्या दाण्याएवढी पिवळी टोकं, आणि ती जिथं बसते त्या खोबणीत तशाच पिवळ्या, आत दबणाऱ्या टाचण्या. टोक टाचणीला टेकलं की वीज जाते. टेकूनही मध्ये काही आलं, घामाचं मीठ, धूळ, हिरवट बुरशीसारखी पुटं, की जात नाही. मग मोटर चांगली असून उपयोग नाही, बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. हे तिला सायकल येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. हेच तर तिला माहीत होतं. आयुष्यभर तिनं दुसरं केलंय काय?

टेलिफोन एक्सचेंजच्या त्या लांबलचक खोलीत खिडक्या कधीच उघडत नसत. धूळ नको म्हणून. छताला भिडलेली लोखंडी मांडणी, ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक मांडणीत बारीक पत्र्याच्या पट्ट्या, पट्टीच्या टोकाला चांदीचा ठिपका. कुठंतरी कोणी फोन उचलला, आकडा फिरवला, की इथं पट्टी पट्टीला टेकणार, ठिपका ठिपक्याला. सकाळी गाव जागं होई ते तिला कानांनी कळे: आधी एखादी तुरळक टकटक, मग दोन-चार, आणि बघता बघता सगळी खोली विणकामाच्या सुयांसारखी खुळखुळायला लागे. त्या खुळखुळाटात एखादी पट्टी अडखळली तर तिला ओळीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाची कळे. नवीन होती तेव्हा फोरमननं तिच्या हातात घासपट्टी दिली होती, पोलादाची, पात्यासारखी पातळ, नुसत्या बोटाला गुळगुळीत वाटावी पण नखाला खरखर लागावी अशी. "दोन ठिपक्यांच्या मध्ये घालायची, एकदा आत, एकदा बाहेर. खरवडायचं नाही, विचारपूस केल्यासारखं करायचं. आणि बोट लावायचं नाही. बोटाला मीठ असतं. बोट लावलेलं दिसलं तर इथनं थेट हिशेबाच्या खोलीत बदली, सांगून ठेवतो." त्याच्या मिशीला त्या काळी सगळे घाबरत. ती घाबरली नाही. तिनं बोट कधी लावलंच नाही. सगळं चिमट्यानं आणि घासपट्टीनं. चिमटेबाई हे नाव तेव्हाच पडलं, आणि पुढे ते इतकं रुळलं की हजेरी घेणाराही चुकून तेच पुकारी. कोणाचं बाळंतपण, कोणाचं भांडण, कोणाचं नुसतं 'पोचलो गं' तिच्या ओळीतल्या ठिपक्यांवरून जात असे. तिनं कधी चोरून ऐकलं नाही. पण संध्याकाळी घरी जाताना उजेड लागलेल्या खिडक्यांकडे बघत ती चाले, आणि ही सगळी माणसं आपल्या हातून एकमेकांना भेटतात या विचारानं तिची मान आपोआप ताठ होई. मग तिला लाज वाटे. देवासमोर ताठ मान बरी नव्हे. पण खिडक्यांसमोर चालते, असं ती स्वतःला समजावी.

पुढे नवी यंत्रं आली, पट्ट्या गेल्या, खोली रिकामी झाली. निरोपाच्या दिवशी फोरमननं आपली स्वतःची घासपट्टी कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवली आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "ठेव. तुझ्याशिवाय कोणाला उपयोग नाही." तेव्हापासून या घरात एकही वस्तू घाण टोकामुळे बंद पडली नव्हती. विजेरी, दारावरची घंटा, रेडिओ, टीव्हीचा रिमोट, नवऱ्याचं कानाचं यंत्र, सगळ्यांची टोकं ती नेमानं घाशी. नवरा म्हणे, "एकदा माझ्या डोक्यात पण घाल ती पट्टी, आतलं काहीतरी टेकत नाहीये हल्ली." ती म्हणे, "तुमच्या डोक्यात वीजच नाही, टोकं घासून काय होणार?" यावर तो इतका हसे की कानातलं यंत्र शिट्टी वाजवू लागे. तो गेल्यावर ती पट्टी माळ्यावर गेली. असं म्हणायला हरकत नाही की सून घरात आली ती सायकलवर बसूनच. नातेवाईक कुजबुजले, "सुनेनं संसार करायचा की पायडल मारायचं?" तिला स्वतःलाही सुरुवातीला ते उघड्या पोटऱ्यांचं, पहाटे निघून दुपारी परतायचं काही कळलं नव्हतं. पण एकदा सुनेचा मागचा दिवा वाटेत विझला, ती ट्रकच्या पुढ्यातून वाचून आली, आणि दाराशी उभी राहून, "काही नाही आई, जरा घाबरले," असं म्हणत थरथरत राहिली. त्या संध्याकाळी सासूनं दिवा उघडला, आतली गंजकी स्प्रिंग पाहिली, आणि माळ्यावरून घासपट्टी काढली. तेव्हापासून दिवेलागणीला सायकल स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन टेकते. ती दिव्याची, वेग दाखवणाऱ्या घड्याळाची, आणि गेल्या वर्षी नवा गिअर आला तेव्हापासून त्या गिअरच्या बॅटरीची टोकं करते. रोज. एक दिवस चुकवला नाही. सून आपल्या सायकलवाल्या मैत्रिणींना सांगते, "माझं सगळं आई बघतात. मी नुसते पाय हलवते." हे वाक्य तिनं आतल्या खोलीतून ऐकलं होतं, आणि नंतर अनेक दिवस ते मनातल्या मनात काढून, पाहून, परत ठेवून दिलं होतं.

आणि आता येत्या रविवारी सायकलींची एक मोठी रपेट होती. डोंगरातली, घाटांवर घाट असलेली. मागच्या खेपेला शेवटच्या घाटात सून मागे पडली आणि वेळेची मुदत संपून वाटेतल्या तपासणीच्या ठाण्याची दोरी तिच्या तोंडावर ओढली गेली. घरी येऊन ती रडली नाही, पण जेवलीही नाही. त्यानंतर वर्षभर हे पहाटेचं चढणं त्या एका दोरीसाठी होतं. गिअर नसेल तर ते घाट चढणं म्हणजे पाठीवर पोतं घेऊन जिना चढणं.

सून परत आली ती लाल होऊन. सायकल भिंतीला टेकवून तिनं हेल्मेट काढलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मुलगा कामावर जायच्या घाईत बुटाची नाडी बांधत होता.

"गिअर मेला," सून म्हणाली. "जडावर अडकला तो अडकलाच. मांड्यांचे दगड झालेत."

"बॅटरी संपली असेल," मुलगा म्हणाला.

"ती कधी संपते का? आई असताना?"

"मग कंपनीच फालतू. मी तेव्हाच म्हणत होतो, साधा तारेचा गिअर बरा. माणसानं गिअर बदलायला बॅटरी लावायची म्हणजे जांभई द्यायला मशीन घेण्यासारखं आहे."

"तू सायकलीवर शेवटचा कधी बसलास ते सांग आधी."

"मी? मी बसलो तर सायकल तक्रार करेल." त्यानं आईकडे पाहिलं. "आई, तू का एवढी गप्प? चहा घेतलास ना?"

तिनं बॅटरी काढली होती. कडेनं धरून, बोट टोकाला न लावता, ती खिडकीच्या उजेडात नेली. लांबचं तिला अजून लख्ख दिसे, समोरच्या टेकडीवरची शेळी कुठल्या पायानं लंगडते ते ती सांगे. जवळचं मात्र गेली काही वर्षं धूसर झालं होतं. काम हातानं होत होतं, हाताला सवय होती, डोळ्यांची गरज कधी पडली नव्हती. आज तिनं देव्हाऱ्याशेजारच्या खणातून वाचायचं भिंग आणलं. आणि पाहिलं. टोकं पिवळी नव्हती. कडेनं पिवळी होती, बांगडीसारखी एक बारीक कडा. मध्ये, बरोबर जिथं घासपट्टी फिरते तिथं, तपकिरी, मळकट तांबूस, त्यावर काळसर डाग. खोबणीतल्या टाचण्यांचीही टाळू उघडी पडली होती. तिला कळायला वेळ लागला नाही. एक्सचेंजमधले ठिपके आरपार चांदीचे होते. घासलं तर खाली पुन्हा चांदीच. इथं सोनं नुसतं वरून होतं, दुधावरच्या सायीपेक्षा पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याहून पातळ. तिनं ते रोज एकदा आत, एकदा बाहेर करत, प्रेमानं, नेमानं, वर्षभर खरवडून काढलं होतं. ज्या दिवसांत ते घाण नव्हतं त्या दिवसांतही. नेम म्हणून. सोन्याला गंज चढत नाही, म्हणून तर ते तिथं लावलेलं. त्याच्याखालच्या धातूला चढतो, आणि सुनेचा घाम आणि मागच्या चाकाचा फवारा थेट तिथंच उडत होता. भिंगाखालचा तो डाग मोठा मोठा होत गेला, एवढा की त्यात एक्सचेंजची अख्खी खोली मावली, फोरमन, त्याची मिशी, उजेडाच्या खिडक्या, सगळं.

"माझ्याच घामानं झालं असेल," सून मागून म्हणत होती. "मला येतोही किती. आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"नाहीतर कंपनीचं सोनं खोटं," मुलगा म्हणाला. "मी त्यांना कळवतो."

वाट सरळ होती. घामानं झालं म्हणावं आणि गप्प बसावं. किंवा कंपनीनं केलं म्हणावं. दोघंही तयारच होते तिला मोकळं करायला. पण तिच्या आत काहीतरी ताठ झालं. खिडक्यांसमोर होई तसंच.

"कंपनीचा काय संबंध?" ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ, पण दोघंही थांबले. "आणि घामाचाही नाही. घामाला एवढं सारखं, मधोमध, काठ न बिघडवता घासता येतं का? हे बघ, सगळी टोकं एकसारखी गेलीत. एकही वाकडं नाही. हे काम माझं आहे. दुसऱ्या कोणाच्या नावावर घालू नका."

मुलाच्या हातातली नाडी तशीच राहिली. सुनेनं भिंग घेतलं, वाकून पाहिलं, कितीतरी वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आई, लोकांच्या सासवा सुनेचं सोनं काढून घेतात म्हणतात. तुम्ही तर घासून नेलंत." मुलगा फस्सकन हसला. ती हसली नाही. सूनही, बोलून झाल्यावर, हसली नाही. सायकलकडे पाहत उभी राहिली. तिच्या मानेवर वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ होती.

दुकानदाराला फोन झाला. सायकल दुकानदार बोलका माणूस, पण त्याच्याकडून चांगली बातमी आली नाही: नवी बॅटरी होती, तिची टोकं नवी म्हणजे अर्धं काम झालं, खोबणीचा भाग, त्या टाचण्यांसकट, मागवावा लागेल, रविवारपर्यंत शक्य नाही. "शनिवारी घेऊन या, मी साफ करून देतो," तो म्हणाला. सून म्हणाली, "बरं, आणते." हे 'आणते' सासूच्या कानावर पडलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. रागावली नव्हती. भाजी चिरली, भांडी विसळली, फडकी धुतली, वाळलेली फडकी पुन्हा धुतली. दुपार डोळ्यांवरून सरकत गेली. दिवेलागण झाली आणि सायकल दाराशी आली नाही. ती पुढच्या खोलीत भिंतीला टेकून होती, आणि सासूला वाटलं, उद्यापासून सायकलची जागा तीच. वाईट वाटावं तसं वाटत होतं, पण मधूनच आणखी एक गोष्ट टोचत होती, आणि ती जास्त खरी होती: दुकानदार शनिवारी टाचण्या लखलखीत करील, पण सोन्याशिवायच्या टाचण्या किती तास टिकणार? डोंगरात धुकं असतं. घाम असतो. पहिल्या घाटात चालतील, दुसऱ्यात अडतील. आणि तिथं दुकानदार नसेल. तीही नसेल. सुनेनं तर आजवर बॅटरी स्वतःच्या हातानं कधी काढलीही नव्हती. का नव्हती? तिनं काढू दिली नव्हती. 'राहू दे, तू दमली आहेस, मी करते,' असं म्हणत प्रत्येक वेळी तिनं ती काडेपेटीएवढी गोष्ट सुनेच्या हातून अलगद काढून घेतली होती. ते प्रेम होतं, यात शंका नाही. पण नुसतंच प्रेम होतं का?

ती उठून पुढच्या खोलीत गेली. सून जमिनीवर पाय पसरून मांड्या चोळत बसली होती.

"शनिवारी दुकानात ने," ती म्हणाली. "पण घाटात तो येणार नाही. सायकल इकडे आण आणि हात धुऊन ये. साबणानं. आणि बांगड्या काढ."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझं डोकं दाबायला. ये म्हटलं की यावं."

सुनेचे हात पायडल मारणारीचे होते, मजबूत, उतावळे. तिनं बॅटरीची कडी ओढली ती अशी की बॅटरी उडून तिच्या ओच्यात पडली. दुसऱ्यांदा काढली ती टोकांवर बोट ठेवून. मनगटावर फटका बसला.

"आई गं!"

"बोट नाही लावायचं. कडेनं धर. चिमणीचं पिल्लू धरतात तसं."

"मी चिमणीचं पिल्लू कधी धरलंय?"

"मग नवऱ्याची चूक धरतेस तशी. घट्ट, पण दुखवायचं नाही." सून खळखळून हसली, आणि हसता हसता बॅटरी कडेनं निघाली. मग स्पिरिट लावलेलं फडकं, मऊ, जुन्या मलमलीचं. टोकं पुसायची, घासायची नाहीत. "घासपट्टी?" सुनेनं विचारलं. "ती नाही," ती म्हणाली, आणि हे म्हणताना आत कुठंतरी दुखलं, ते तिनं दुखू दिलं. मग विजेच्या टोकांना लावायच्या ग्रीसचा, मोहरीएवढा ठिपका, काडीच्या टोकावर. हवा आणि घाम आत शिरू नये म्हणून, नुसता ओशट हात फिरावा इतका. जास्त झाला तर त्यात धूळ बसते. जास्त झाला. पुसला. पुन्हा. "डोळे मीट आणि कर," ती म्हणाली. "घाटात बोटं गारठतील, दिसणार नाही." सुनेनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी तिची बोटं चाचपडली, थांबली, कडा सापडली, 'टक्'. मुलगा दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "जेवायला मिळणार आहे का आज, की मीही कडेनं पुसून घेऊ?" दोघींनी एकदमच त्याला गप्प बस म्हटलं. शनिवारपर्यंत हे रोज चाललं. आणि रोज पहाटे ती स्टुलावर बसून, तोंड घट्ट मिटून, प्रार्थना म्हणू लागली. एकदा मोडला म्हणून नेम टाकून थोडाच द्यायचा असतो.

रविवारी डोंगरावर धुकं होतंच. मुलानं गाडीतून तिला दुसऱ्या घाटाच्या माथ्यावर आणलं. तिथं ठाणं होतं: ताडपत्रीचा मांडव, एक टेबल, सायकलवाल्यांच्या कागदावर शिक्के मारणारा एक माणूस आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला दुसरा. रस्त्यावर आडवी दोरी टाकलेली, मुदत संपली की वर ओढायची. शिट्टीवाल्यानं तिला नियम समजावला: सायकलवाल्याला मदत करायची ती या दोरीच्या आत, बाहेर कोणी बोट जरी लावलं तरी तो स्पर्धेतून बाद. मुदत सरत आली होती. ती शाल लपेटून दोरीपाशी उभी राहिली. एकेक जण धुक्यातून वर येत होता, वाफाळत, तोंड वासून, आणि प्रत्येक वेळी ती सून नव्हती. मग धुकं थोडं विरलं, आणि खालच्या वळणावर सून दिसली. सीटवरून उठलेली. अख्खं अंग एकेका पायावर. सासूनं तिचा अंगठा पाहिला: दाबला, पुन्हा दाबला, लागोपाठ दाबला. सायकल थांबली.

"आई, हाक मार तिला," मुलगा म्हणाला. "ढकलत आणू दे इथपर्यंत. आत आली की तू करशील."

"ढकलत आणली तर मुदत जाईल."

"मग आता?"

ती खाली वळणाकडेच बघत होती. सुनेनं हातमोजा दातांनी ओढून काढला होता. बॅटरी निघाली, कडेनं. तिनं पाठीच्या खिशातून फडकं काढलं आणि ते पिळलं. पाणी गळलं. तिनं दुसरा खिसा चाचपला, बाही पाहिली, मोज्याचं अस्तर पाहिलं. धुक्यानं सगळं चिंब. शालीच्या आत सासूची स्वतःची बोटं हलत होती, पुसत होती, हवेलाच. तिच्या ओठांवर 'अगं' आलं आणि तिनं ते गिळलं. सुनेनं ओलं फडकं परत खिशात कोंबलं. मग छातीशी अडकवलेली प्लास्टिकची पिशवी तिनं उघडली, आतला रस्ता दाखवणारा कागद काढला, आणि त्याचा कोरा काठ फाडला. दोनदा दुमडला. त्याची धार टोकांवरून ओढली, एकदा. मग खोबणीत घालून टाचण्यांवरून, एकदा. हलक्या हातानं, विचारपूस केल्यासारखं.

सासूला एकदम आठवलं. पुराच्या वर्षी एक्सचेंजमध्ये पाणी शिरलं होतं, हवा ओली होती, फडकी ओली होती, आणि फोरमन वहीचे कोरे काठ टराटरा फाडून सगळ्यांना वाटत सुटला होता. कोरडा कागद. ठिपक्याला न ओरबाडता मळ तेवढा घेऊन येणारा. ती ते विसरून गेली होती. सुनेला सांगणं दूरच, तिला स्वतःलाच आठवलं नव्हतं.

'टक्' इथवर ऐकू येणं शक्य नव्हतं. पण सुनेनं टांग टाकली आणि चढ तिच्या पायांखाली मऊ झालेला दिसला.

"सुटली बिचारी," शिट्टीवाला म्हणाला. "नशीब बलवत्तर."

"नशीब?" ती त्याच्याकडे वळली. "कागद घेतला तिनं. कोरडा काठ. पाहिलंत ना? मी शिकवलं नव्हतं हे!" तिचा आवाज, जो घरात भांड्यांच्या वर कधी गेला नव्हता, इतका चढला की दोरीपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. "मी शिकवलं नव्हतं तिला!"

सून आत आली. शिक्का बसला. केसांतून पाणी गळत होतं, पापण्यांवर मीठ होतं. तिनं सायकल सरळ सासूपुढे आणून उभी केली. "आई, आता दोरीच्या आत आहे. बघता का एकदा?"

बॅटरी हाताच्या अंतरावर होती. तिनं दोन्ही हात शालीत मागे बांधले.

"कशाला? चालतंय की," ती म्हणाली. "नीघ. अजून एक घाट आहे."

सून गेली. मुलगा गाडी काढतो म्हणाला, पण ती हलेना. कोणी ओळखीचं नव्हतं तिथं, तरी ती शिट्टीवाल्याला, मग शिक्केवाल्याला, मग आपल्या कोणाची तरी वाट पाहत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला सांगत राहिली, हात पुढे करून, हवेतच दाखवत: कागद असा दुमडला, कडेनं असा धरला, आणि एकदाच, बरं का, एकदाच ओढला.